मोऱ्याची लाँच: भरती, गाळ आणि एका जुन्या जलमार्गाचा इतिहास

उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ही नवी मुंबई परिसरातील सर्वांत जुन्या सार्वजनिक वाहतूक सेवांपैकी एक आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. हा जलमार्ग त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. मात्र उलवे, नेरूळ किंवा बेलापूरला नव्याने राहायला आलेल्यांना त्याच्याविषयी फारशी माहिती नसते आणि असली तरी तीन गोष्टींचे कोडे पडते. ऐन कामाच्या वेळी ही लाँच कधी कधी तीन-चार तास बंद का ठेवतात? गेटवे ते मांडवा ही वाहतूक पावसाळ्यात बंद असताना मोऱ्याची लाँच बहुतेक दिवस चालू कशी राहते? आणि अटल सेतू व उरण लोकल सुरू झाल्यानंतरही ती टिकून का आहे? हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण पहिल्या दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी, मोऱ्याच्या आडोशात आणि त्यामुळे धक्क्यापाशी साचणाऱ्या चिखलात आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र जमिनीवरच्या वाटांच्या हिशेबात आहे.

सुरुवात भूगोलापासून करावी लागेल. आज उरण हे मुख्य भूमीचे एक टोक वाटते, परंतु जुन्या नकाशांत ते ‘करंजा बेट’ म्हणून दाखवलेले असते. बेटाच्या एका टोकाला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेच्या अंगाला मोरा बंदर, दक्षिणेला करंजा, आणि पूर्वेला पनवेलच्या बाजूने खाड्या, खाजण व मिठागरे अशी त्याची रचना होती. भरतीच्या वेळी खाजणात पाणी शिरले की उरण मुख्य भूमीपासून वेगळे पडत असे. समोर मुंबई हेही बेटच आणि दोहोंच्या मधल्या पाण्यात घारापुरी हे तिसरे बेट. त्यामुळे मोरा ते मुंबई हा प्रवास मुळात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याचा होता. पुढे बांध घातले गेले, भराव पडले, रस्ते झाले, बंदर उभे राहिले आणि उरणचे बेटपण हळूहळू पुसले गेले. घारापुरीचे मात्र आजही कायम आहे.

या बेटांचे राजकीय महत्त्वही मुंबई बंदराच्या संदर्भातच ठरले. पोर्तुगिजांच्या ताब्यातील साष्टी आणि करंजा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांनी जिंकून घेतले. मुंबईतील इंग्रजांना ही बेटे आपल्या दारातच दुसऱ्याच्या हाती असणे परवडणारे नव्हते. १७७४ च्या अखेरीस त्यांनी साष्टीवर चढाई केली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, करंजा आणि घारापुरी ही बेटे इंग्रजांकडेच राहिली. बंदराच्या दोन्ही बाजूंचे किनारे एकाच सत्तेखाली आल्यामुळे उरण आणि मुंबई यांच्यातील दळणवळणाला राजकीय अडथळा उरला नाही. उरणचे मीठ, भाजीपाला, मासळी आणि माणसे यांना मुंबईची बाजारपेठ समोर दिसत होती आणि मध्ये होते सुमारे दहा किलोमीटरचे पाणी.

हे पाणी सुरुवातीला शिडाच्या होड्यांनी ओलांडले जाई. मचवे आणि पडाव हे माल वाहत आणि मालाबरोबर माणसेही नेत. वाऱ्याची दिशा आणि भरती-ओहोटीचा ओढा या दोहोंचा मेळ बसला तर प्रवास लवकर होई, नाही तर बराच वेळ पाण्यातच काढावा लागे. त्याहून मोठी अडचण चढण्या-उतरण्याची होती, कारण पक्का धक्का नसेल तेथे उतारूंना गुडघाभर चिखल तुडवावा लागे. मुंबईच्या बाजूला ही अडचण एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी धक्का बांधून दूर केली. ‘भाऊचा धक्का’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. इंग्रजीत त्याला काहीही म्हणत असोत, कोकण आणि रायगडच्या माणसाच्या तोंडी तो भाऊचाच धक्का राहिला आहे. एका खासगी व्यक्तीने प्रवाशांच्या सोयीसाठी केलेले बांधकाम इतके दिवस नावाने जिवंत राहावे, ही मुंबईसारख्या नावे बदलणाऱ्या शहरात थोडी विशेष गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदरातील जवळच्या मार्गांवर वाफेच्या बोटी आल्या आणि उरण, रेवस, धरमतर ही ठिकाणे मुंबईशी नियमित जोडली गेली. वाफेच्या बोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून वेळापत्रक ही कल्पना या मार्गांवर प्रथमच अर्थपूर्ण झाली. पुढे वाफेची जागा डिझेलच्या इंजिनाने घेतली आणि आज ज्याला सगळे ‘लाँच’ म्हणतात ती लाकडी बांधणीची बोट या मार्गावर रूढ झाली. वाऱ्याची सत्ता इंजिनाने संपवली, भरती-ओहोटीची सत्ता मात्र कोणत्याच इंजिनाला संपवता आली नाही.

येथे भरती-ओहोटीचे गणित थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण लाँचच्या वेळापत्रकाचे सगळे रहस्य त्यातच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसात साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात, म्हणून भरतीची वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. याचे कारण असे, की भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे येते आणि चंद्र स्वतः पृथ्वीभोवती फिरत असल्याने रोज तितकाच उशिरा त्याच जागी दिसतो. सूर्याचेही आकर्षण असते, पण त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहूनही कमी असतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोन्ही ओढी एकमेकींना साथ देतात आणि पाणी खूप चढते तसेच खूप उतरते. या काळाला कोळी लोक ‘उधाण’ म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात असतात, पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते. हा ‘भांगा’चा काळ.

फरक किती असतो, हे आकड्यांत पाहिले म्हणजे लक्षात येते. समुद्राच्या नकाशांत खोली मोजण्यासाठी जी शून्य पातळी धरतात, तिच्या तुलनेत मुंबईतील अपोलो बंदरापाशी उधाणाच्या भरतीची सरासरी उंची ४.४२ मीटर आणि उधाणाच्या ओहोटीची ०.७६ मीटर आहे. भांगाच्या दिवसांत हेच आकडे ३.३० आणि १.८६ मीटर होतात. म्हणजे उधाणाला पाणी साडेतीन मीटरांहून अधिक वर-खाली होते आणि भांगाला जेमतेम दीड मीटर. लाँचवाल्याच्या दृष्टीने यातील महत्त्वाचे आकडे भरतीचे नाहीत, ओहोटीचे आहेत. उधाणाच्या ओहोटीला भांगाच्या ओहोटीपेक्षा १.१० मीटर कमी पाणी मिळते आणि प्रवाशांनी भरलेल्या लाँचला तरंगायला साधारण मीटर-दीड मीटर पाणी लागते. भांगाच्या दिवशी जी लाँच ओहोटीतही धक्क्याला कशीबशी लागू शकते, ती उधाणाच्या दिवशी त्याच जागी चिखलात रुतते.

आता प्रश्न उरतो वेळेचा. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. प्रत्यक्षात मुंबईत त्या दिवशी भरती बाराच्या आसपास किंवा थोडी नंतर असते. आडाखा दर तिथीला ४५ मिनिटे धरतो आणि खरे सरकणे त्याहून थोडे जास्त असते, म्हणून पंधरवड्याच्या शेवटी ही तूट दिसते. घड्याळ न वापरणाऱ्या माणसासाठी एवढी चूक क्षम्यच म्हणायला हवी.

या आडाख्यातून एक गोष्ट आपोआप बाहेर पडते. मुंबईत उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येणार असेल, तर उधाणाची ओहोटी नेहमी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येणार. महिना कोणताही असो, वर्ष कोणतेही असो, यात फरक पडत नाही, कारण उधाण आणि तिथी यांची गाठ आकाशातच बांधलेली आहे. म्हणजे मोऱ्याच्या धक्क्यापाशी पाणी सर्वांत कमी होते, ते नेमके चाकरमानी मुंबईला निघण्याच्या आणि तेथून परतण्याच्या वेळी. उलट भांगाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारी असते, तेव्हा गर्दी कमी असते आणि पाणीही तितके उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत लाँच काही तास बंद असल्याची बातमी आली, की पुष्कळ जण ती व्यवस्थेची ढिलाई समजतात. ढिलाई असेलही, पण बंदची वेळ कोणी ठरवत नाही. मोरा बंदर मुंबईऐवजी अशा किनाऱ्यावर असते, जेथे उधाणाची ओहोटी दुपारी येते, तर नोकरदारांना हा त्रास फारसा जाणवलाच नसता.

मग गाळ काढून टाकला तर? गाळ वेळोवेळी काढला जातो आणि तो पुन्हा साचतो. मोरा बंदर उरणच्या उत्तर बाजूस आहे. पावसाळ्यातील वारे आणि लाटा नैर्ऋत्येकडून येतात आणि उरणचा डोंगराळ भाग त्यांना अडवतो. त्यामुळे बाहेर समुद्र खवळलेला असतानाही मोऱ्यापुढचे पाणी तुलनेने शांत राहते. पावसाळ्यातही ही लाँच बहुतेक दिवस चालू राहते, ती याच आडोशामुळे. परंतु ठाणे खाडी, पनवेल खाडी आणि आसपासच्या ओहोळांतून येणारे पाणी बारीक मातीने भरलेले असते, आणि गढूळ पाणी घागरीत स्थिर ठेवले की माती तळाशी बसते, तसेच येथेही होते. लाटा तळ ढवळत नाहीत, प्रवाह मंद असतो, माती खाली बसते आणि तिच्यावर पुढच्या भरतीची माती येऊन बसते. म्हणजे ज्या आडोशामुळे मोरा हे सुरक्षित बंदर ठरले, त्याच आडोशामुळे ते गाळाचे बंदर झाले. एक गुण ठेवून दुसरा अवगुण काढून टाकणे येथे शक्य नाही. खोदलेला खड्डा भरून येण्याचा वेग कमी-जास्त होऊ शकतो, इतकेच.

दुसरा उपाय धक्का लांबवण्याचा. किनारा जितका सपाट, तितके खोल पाणी दूर. समजा तळ दर दोनशे मीटरला एक मीटर उतरतो, तर तीन मीटर खोली मिळवण्यासाठी सहाशे मीटर आत जावे लागेल. घारापुरीच्या शेतबंदरावर उतरलेल्या प्रत्येकाने हे गणित पायांनी अनुभवलेले असते, कारण तेथे धक्क्यापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतची लांब वाट चालावी लागते किंवा तेथील छोट्या रेल्वेगाडीत बसावे लागते. पर्यटकांना ती गाडी मुलांची गंमत वाटते. वास्तविक ती ओहोटीची करामत आहे.

घारापुरीचा उल्लेख आला आहे, तर थोडे थांबायला हवे. १९८७ मध्ये तेथील लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गेटवेवरून जाणाऱ्या पर्यटकांच्या लाँच जगभर ओळखीच्या झाल्या. पण हे बेट प्रशासनाच्या दृष्टीने उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात येते. शेतबंदर, मोराबंदर (हे उरणच्या मोऱ्याहून वेगळे) आणि राजबंदर या तीन वस्त्यांतील रहिवाशांना तहसील कचेरीचे काम असो वा दवाखान्याचे, पाणी ओलांडावेच लागते. बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे बेटावर जनरेटरवर भागवावे लागत होते, ही गोष्ट लेण्यांच्या माहितीपत्रकांत सापडत नाही. पर्यटकांसाठी बोट ही सहलीचा भाग आहे, येथील माणसासाठी ती रस्ता आहे. शासकीय हिशेबात मात्र दोन्ही एकाच रकान्यात जातात.

पावसाळ्याच्या संदर्भात ‘रामदास’ची आठवण टाळता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघाली. लोक जिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, त्या स्वदेशी कंपनीची ही बोट होती आणि सणासाठी गावी निघालेल्यांची तिच्यावर गर्दी होती. काश्याच्या खडकाजवळ वादळी समुद्रात ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. रेवसच्या मार्गावर जे घडले त्याचा मोऱ्याशी संबंध दोन प्रकारे आहे. पहिला भूगोलाचा: रेवसची वाट बंदराच्या उघड्या तोंडाकडून जाते, तिला मोऱ्यासारखा आडोसा नाही. दुसरा बोटीच्या तोलाचा. बोट एका बाजूला झुकली की घाबरलेले प्रवासी दुसरीकडे धावतात किंवा सगळे एकाच बाजूला लोटले जातात. माणसांचे हे वजन उंचावर आणि सुटे असते, बांधून ठेवलेल्या मालासारखे ते जागच्या जागी राहत नाही. त्यामुळे तितक्याच वजनाच्या मिठापेक्षा तितक्याच वजनाची माणसे बोटीला अधिक धोकादायक ठरतात. प्रवासी-संख्येची मर्यादा ही बोट किती वजन पेलते यापुरती नसते, ते वजन हलले तर बोट सावरेल का, याचाही विचार तीत असतो.

या मर्यादा कायद्याने घातलेल्या आहेत. मुंबई इलाख्यात १८६८ मध्येच उतारांविषयी, म्हणजे माणसांना पाणी ओलांडून नेणाऱ्या होड्यांच्या सेवांविषयी, आणि अंतर्गत जलवाहतुकीच्या बोटींविषयी कायदा झाला होता. उतार ही सार्वजनिक सेवा आहे, तिचे दर आणि तिचा ठेका यांवर सरकारचे नियंत्रण असावे, ही कल्पना तेव्हापासूनची. १९१७ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी आणि चालकाचा दाखला यांची चौकट घालून दिली आणि तो कायदा थेट २०२१ मध्ये नव्या कायद्याने बदलला गेला. राज्यात १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ हे काम पाहते. लाँचवर पाटीत लिहिलेली प्रवासी-संख्या पावसाळ्यात कमी केलेली असते आणि खर्च तेवढाच राहत असल्याने त्या महिन्यांत तिकीट वाढते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, म्हणजे धोक्याचा इशारा मिळाला, की वाहतूक थांबवली जाते.

कागदावरची चौकट आणि प्रत्यक्ष यांतले अंतर १८ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा दिसले. गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचला इंजिनाच्या चाचणीसाठी फिरणाऱ्या नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. धडकेत लाँचचा दोष नव्हता, परंतु तिच्यावर परवान्यापेक्षा जास्त माणसे होती आणि जीवरक्षक जाकिटे अंगावर नव्हती, हे मुद्दे पुढे आले. त्यानंतर जाकीट घालण्याची सक्ती झाली. अशा सक्त्या अपघातानंतरच का येतात, हा प्रश्न १९४७ मध्येही विचारला गेला असणार.

जमिनीवरची वाट मात्र या सगळ्या काळात बदलत गेली आणि लाँचचे महत्त्व तिच्याशी उलट्या प्रमाणात कमी-जास्त झाले. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये सुरू होईपर्यंत उरणहून मुंबईला रस्त्याने जायचे तर पनवेल, मुंब्रा, ठाणे असा मोठा वळसा घ्यावा लागे. समोर दिसणाऱ्या शहरात पोहोचण्यासाठी अख्खी ठाणे खाडी फिरून जावे लागत असताना तासाभरात पोहोचवणारी लाँच ही चैन नव्हती, गरज होती. पूल झाला, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यामुळे रस्ते रुंदावले, पण त्याच रस्त्यांवर कंटेनरच्या रांगाही आल्या. रस्ता सुधारला आणि त्याच बंदराने तो अडवलाही, त्यामुळे लाँचचा प्रवासी पूर्णपणे सुटला नाही.

खरा धक्का १२ जानेवारी २०२४ रोजी बसला. त्या एकाच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण हा रेल्वेमार्ग, अशा दोन्हींचे उद्घाटन झाले. मोटारीने मुंबई आता काही मिनिटांवर आली आणि लोकलने स्वस्तात जाता येऊ लागले. तरीही लाँच बंद पडलेली नाही. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षा यांना परवानगी नाही आणि मोटारीचा टोल रोजच्या नोकरदाराला परवडणारा नाही. लोकल स्वस्त आहे, पण ती नेरूळ किंवा बेलापूरला सोडते आणि तेथून गाडी बदलून मुंबई गाठावी लागते. भाऊचा धक्का मात्र मासळी बाजाराच्या अगदी अंगाला आहे आणि माझगाव, मशीद बंदर, डोंगरी हा भाग तेथून जवळ पडतो. ज्या माणसाचे काम तेथे आहे, त्याच्यासाठी मोऱ्याहून तासाभराची सरळ वाट अजूनही सर्वांत सोपी आहे. प्रवासी घटले असतील, पण उरले ते सवयीने उरलेले नाहीत, हिशेबाने उरले आहेत.

याच्या तुलनेत नवी मुंबईत जलवाहतुकीचे जे नवे प्रयोग झाले त्यांची अवस्था विचार करण्यासारखी आहे. बेलापूरहून वॉटर टॅक्सी २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा गाजावाजा मोठा होता. दर मात्र शेकड्यांत होते, फेऱ्या मोजक्या होत्या आणि धक्क्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा रिक्षा करावी लागत होती. भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारी नेणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली आणि टिकली, कारण तेथे मोठ्या बोटीला पुरेल असे पाणी आहे आणि अलिबागला मोटारीने जाणारा प्रवासी दर देऊ शकतो. मोऱ्यालाही रो-रोची योजना आखली गेली, पण तेथे पुन्हा गाळाचा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते या परिसरात जलवाहतूक वाढवायची असेल, तर बोटी किती आधुनिक आहेत यापेक्षा धक्क्याच्या टोकाशी उधाणाच्या ओहोटीला किती मीटर पाणी असते, हा आकडा प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर असायला हवा.

तोवर मोऱ्याला जाणाऱ्याने पंचांग पाहून निघणे बरे. अष्टमीच्या आसपास कोणत्याही वेळी गेले तरी बहुधा लाँच मिळते. अमावास्या किंवा पौर्णिमा नुकतीच झाली असेल, तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी सहाच्या मागेपुढे जाणे टाळावे, किंवा निघण्यापूर्वी धक्क्यावर चौकशी करावी. अशा दिवशी मोऱ्याची वाट बंद असेल तर उरण स्थानकातून लोकल मिळते.